सुट्टीतली घंटा

अक्का, काकवीच्या बाटल्या कुठं ठेवायच्या ते तरी सांगून जायचं होतंस. उद्या दुपारपासून मुली यायला लागतील. शिरोळच्या, गारगोटीच्या, तुझ्या कुरुंदवाडच्या. गुऱ्हाळावरून निघताना प्रत्येकीनं ट्रंकेत एक बाटली घातलेली असणार, "अक्कांसाठी" म्हणून. निम्म्या बाटल्या वाटेतच सांडणार, परकर चिकट होणार, आणि तू कमरेवर हात ठेवून विचारणार, "बूच घट्ट लावायला हात मोडलं हुतं काय गं?" दरवर्षीचं आहे हे. उद्या ओरडायला मी आहे. ओरडण्यात मी कुणाला हार जात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तू जाऊन आज तिसरा दिवस. सकाळी घाटावर राख सावडली. तुझा भाऊ अस्थी घेऊन दुपारच्या एसटीनं गेला, तिकडं संगमावर सोडायला. जाताना तुझी ट्रंकही घेऊन गेला, आणि मला म्हणाला, "बाई, तुमी लई केलंसा तिच्यासाठी." मी मान हलवली. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिथंच खाली बसली असती. शाळेच्या मंडळींनी सांगितलंय, नवीन रेक्टर मिळेपर्यंत बोर्डिंग तुम्ही सांभाळा, तुम्ही समोरच राहता. म्हणून तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर बसून लिहितेय. अंथरूण तेवढं बदललं.

लोक म्हणतात, न्यूमोनिया झाला, थंडी वाईट पडली यंदा. डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. खोटं नाही ते. पण थंडीच्या आधी तुला काय झालं होतं ते ना डॉक्टरांना माहीत, ना तुझ्या भावाला. ते मला एकटीला माहीत होतं, आणि मी ते विसरले.

आठ वर्षांपूर्वीची नाताळची सुट्टी आठवते का? मी तेव्हा समोरच्या घरात, दादाकडे, नुकतीच राहायला आले होते. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. तुझी माझी ओळख म्हणजे गल्लीत दिसलो की हसायचं, एवढीच. चाळण मागायला म्हणून आत आले तर तू थंड चुलीपुढं बसलेली. भर दुपारी. केसांना तेल नाही, अंगावर कालचंच लुगडं. पन्नास पोरींना एका नजरेत रांगेत उभं करणारी बाई तू, आणि मी समोर येऊन उभी राहिले तरी मान वर केली नाहीस. चूल दोन दिवस पेटली नव्हती. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणालीस, "बरं हाय की. मला काय हुतंय."

आपल्याकडच्या बायका बोलतात तशी तू बोलायचीस, "मी येतो," "मी जातो," गड्यासारखं. पुण्याहून आलेल्या तपासणीसबाई एकदा त्यावर हसल्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "कामं गड्याची करतो, मग बोलू कसं?" त्या दिवशी मात्र चुलीपुढं बसून तू म्हणालीस, "पोरी गेल्या की मी रिकामा हुतो. माणसं न्हाईत म्हणून न्हवं गं. काम थांबलं की आत कायतरी उठून बसतंय. मग ते बसतंय आन् मी आडवा पडतो."

मला हसू आलं नाही. कारण ते मला कळलं. पण कळलं असं मी तुला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी शहाणी, तू दुखणाईत, असं ठरून गेलं होतं म्हणून. मला ते तसंच बरं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तुझं ठीक असायचं. लांबच्या चार-पाच मुली राहायच्या, फराळाचा घाट असायचा. मे महिन्यात वर्षाचं तिखट, सांडगे, पापड, गाद्यांचा कापूस पिंजून घेणं. नाताळची सुट्टी तेवढी ओकीबोकी. ना आपला सण, ना पाव्हणा, ना लग्नसराई. "कुणाचा तरी सण आन् आमाला नुसती सुट्टी," असं तू म्हणायचीस. आचारीण सखूबाईसुद्धा या दिवसांत लेकीकडं जायची. सकाळी थंडी, दुपारी ऊन, आणि पन्नास खाटांच्या त्या लांबलचक खोल्यांमधून तू एकटी.

मुली जायच्या दिवशी तू सगळ्यात जोरात असायचीस. ट्रंका मोज, दोऱ्या बांध, हिची आई न्यायला आली का, तिचा मामा कुठं अडकला. शेवटची पोरगी गेली की फाटकाला हात लावून उभी राहायचीस. तू फाटक लावायला फार वेळ घ्यायचीस, हे मी खिडकीतून बघितलेलं आहे.

डॉक्टरांकडे मीच नेलं तुला. त्यांनी डोळे बघितले, जीभ बघितली, अशक्तपणा आहे म्हणाले, टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, सुट्टीत भरपूर विश्रांती घ्या. बाहेर येऊन तू टांग्याची वाट बघत हसलीस. "वाघ मागं लागलाय म्हणून सांगितलं तर म्हणतंय, जरा बसा."

आपली भांडणं तिथूनच सुरू झाली. मी म्हणायची, सुट्टीत माझ्याकडे राहायला ये. तू म्हणायचीस, दोन दिवसांची पाव्हणी सोन्याची, दहा दिवसांची पाव्हणी कसली, त्यापेक्षा माझी चूल बरी. मी म्हणायची, मनात काय येतं ते बोल, बोललं की हलकं होतं. तू म्हणायचीस, "पीठ चाळल्यावर हलकं हुतंय, मन न्हाय. बोलून ते घरभर पसरतंय फक्त." एकदा मी वैतागून म्हटलं, रिकामं मन सैतानाचं घर, दुसरं काय? तर किती शांतपणे म्हणालीस, "सैतान असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता तरी आलं असतं."

आणि मग माझी आई गेली. तेराव्याला सगळे नातेवाईक पांगले आणि मी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तू आलीस. समजूत घातली नाहीस, डोक्यावरून हात फिरवला नाहीस. म्हणालीस, "ऊठ. सखूबाईला ताप हाय. पन्नास पोरींचा मटार सोलायचा हाय." मला राग आला. काय बाई आहे, माझी आई गेली आणि हिला मटार! पण आले. तुझ्या पडवीत पोत्यावर बसून मी दुपारभर मटार सोलला, आणि तू समोर बसून सोलत राहिलीस. संध्याकाळी मला भूक लागली. नंतर कधीतरी कळलं, सखूबाईला कसला ताप न् कसलं काय. तिला तू मुद्दाम देवळात पाठवलं होतंस.

त्या मटाराच्या दिवशीच मला उपाय सापडला. मी म्हटलं, अक्का, सुट्टीतही तू घंटा द्यायची. बोर्डिंगच्या चिंचेला टांगलेला तो आगगाडीच्या रुळाचा तुकडा, त्यावर लोखंडी गजानं पाच टोले, रोज पहाटे पाचला, मुली असोत नसोत. तू म्हणालीस, "आन् उठवू कुणाला? खाटांना?" मी म्हटलं, स्वतःला उठव. आणि मला कळव. माझ्या कानावर टोले आले की मी समजेन, अक्का उभी आहे. ज्या दिवशी ऐकू येणार नाही त्या दिवशी हातातलं टाकून, दार फोडून आत येईन. तू म्हणालीस, "दार फोडू नगंस, कडी ढिलीच हाय."

कसं चाललं मग ते! टोले झाले की तू अंगण लोटायचीस, मग गाद्या उन्हात टाकायचीस, कंदिलांच्या काचा राखेनं घासायचीस. दुपारी आपण रंकाळ्यावर चक्कर मारायचो. गल्लीतले लोक म्हणायचे, रेक्टरबाई सुट्टीत भुतांना उठवतात. तू त्यांना सांगायचीस, "भुतं उठत्यात, तुमीच उठत न्हाईसा." बरी झाली नव्हतीस तू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझा आवाज खाली जायचा, डोळ्यांत ते रिकामपण यायचं. पण रोजचे पाच टोले चुकले नाहीत. आता तुला सांगते, त्या टोल्यांवर मीसुद्धा उठत होते. सुट्टीत मलाही अंथरूण सोडवत नव्हतं. मला वाटायचं, तुला मी उभी केलीय. उभं कोण कुणाला करत होतं, देव जाणे.

मग यंदाची सुट्टी आली.

वहिनीला पहिलं बाळ झालेलं, नऊ दिवसांचं. रात्रभर पोट दुखून रडायचं. त्या पहाटे कुठं डोळा लागला होता त्याचा, वहिनीचा, माझा. आणि पाच टोले पडले. बाळ दचकून किंचाळलं. वहिनी रडायलाच लागली, आणि बाळंतपणासाठी इकडंच आलेली तिची आई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरात बाळंतीण हाय ह्याचं तरी भान असावं माणसाला." माझं डोकं फिरलं. शाल गुंडाळून तशीच अनवाणी तुझ्या अंगणात आले. तू चिंचेखाली गज हातात घेऊन उभी होतीस. मला बघून तुझा चेहरा उजळला. तुला वाटलं, मी सहज आले.

"रिकाम्या बोर्डिंगात कुणाला उठवतेस गं रोज?" मी ओरडले. "लोकांना झोपू दे की! तुला काम नाही म्हणून गल्लीनं जागायचं का?"

हे मी म्हटलं. मी, जिनं तुला ती घंटा द्यायला सांगितली होती. काम नाही म्हणून. नेमका तोच शब्द तोंडात आला, जिथं दुखतं तिथंच.

तू खोकलीस. मग म्हणालीस, "चुकलं की गं माझं. बाळाचं ध्यानातच आलं न्हाय. उद्यापासनं न्हाय त्रास व्हायचा." मला लगेच वाईट वाटलं. पण माघार घ्यायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हणून मऊ आवाज काढून वर आणखी शहाणपण शिकवलं, "अगं, सुट्टी आहे. खोकलाही झालाय तुला. जरा पडून राहा. विश्रांती घे." ज्या डॉक्टरांना आपण दोघी हसलो होतो, त्यांचंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे शांत होतं. बाळ झोपलं होतं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, शेवटी ऐकलं बाईनं, झोपलीय निवांत. ऐकू आलं नाही तर धावत येईन म्हणणारी मी. पण घंटा बंद कर म्हणून मीच सांगितलेलं, मग ऐकू न येण्याला अर्थ काय उरला? असा हिशोब मी आता मांडतेय. तेव्हा एवढाही मांडला नाही. मी झोपले, अक्का.

मग बारसं आलं. तुला ये म्हणायचं होतं. पण तू आधीच सांगितलं होतंस, "तुझ्या वहिनीच्या आईला माझं पांढरं कपाळ चालायचं न्हाय, उगं सणात तोंडं वाकडी नकोत." मला तेव्हा भांडायला हवं होतं. नको तिथं भांडते, हवं तिथं गप्प बसते. मुली गेल्या त्या दिवशीच तू बाळासाठी दुपटं माझ्या हातात दिलं होतंस. तुझ्या जुन्या अंजिरी लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बारशाला बाळाला त्याच दुपट्यात पाळण्यात घातलं, आणि घुगऱ्या वाटताना मी मनात म्हटलं, उद्या अक्काला नेऊन देते. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं.

दूध घालणाऱ्या बापूनं विचारलं तेव्हा कळलं. "समोरच्या बाई गावाला गेल्यात काय वो? दोन दिस झालं, हाक मारतोय तर भांडं भाईर येईना." मी तांब्या तिथंच टाकून धावले. दादा मागून धावत आला. कडी खरंच ढिली होती. एका धक्क्यात निघाली. एवढी ढिली.

तू होतीस. अंग भाजत होतं. उशाशी पाण्याचा तांब्या कोरडा. खाटेवरून उतरायला गेली असशील, एक पाय खाली लोंबत होता. दवाखान्यात दोन दिवस मी तुझ्या उशाशी बसले. तू मुलींशी बोलत होतीस, केस वाळवून मग वेण्या घाला, कंदिलाची वात कापा. मला ओळखलंस एकदाच. माझं मनगट धरलंस आणि विचारलंस, "ऐकू आलं न्हवं गं तुला?" मला काही कळलं नाही. तापात बोलतेय असं वाटलं. तुझं समाधान व्हावं म्हणून मी म्हटलं, "हो अक्का, आलं की." तू डोळे मिटलेस. किती बरा दिसला तुझा चेहरा. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

तुझ्यावर मला राग होता, सांगू का? आज दुपारपर्यंत होता. मला वाटत होतं, ही मुद्दाम उठली नसणार. तापाला वाट मोकळी करून दिली असणार. समोर माणूस असताना हाक मारली नाही. दोन दिवस मी स्वतःला एकच विचारत होते, तुला उठता आलं नाही की उठायचंच नव्हतं? जेवताना तेच, भांडी घासताना तेच. वहिनी म्हणाली, "ताई, असं एकटक बघत बसू नका, मला भीती वाटते." तिला काय सांगू, की माझ्या आतही ते उठून बसलंय आणि मी आडवी पडलेय?

आज दुपारी, तुझा भाऊ गेल्यावर, उद्याच्या तयारीला लागले. अंगण लोटलं. चिंचेखाली गेले. गज नेहमीच्या खिळ्याला अडकवलेला होता. हातात घेतला तर मऊ लागला.

त्याच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं होतं. अंजिरी. दुपट्याच्या कापडातून उरलेला तुकडा, चार पदरी घडी घालून, सुतळीनं घट्ट बांधलेला. त्यावर रुळाच्या गंजाचे तांबडे डाग होते, एकावर एक, आणि एका बाजूला कापड झिजून भोक पडलं होतं. मी तो गज रुळावर मारून बघितला. नुसतं धप् झालं. फाटकापर्यंतसुद्धा गेलं नसेल ते.

तू घंटा देत होतीस. बाळ उठू नये म्हणून कापड बांधून, थंडीत, खोकत, रोज पहाटे पाचला. शब्द मोडला नव्हतास. जोवर उभं राहता येत होतं तोवर उभी राहत होतीस. मी वेडी, तुझ्यावर उठायचं नव्हतं असा आळ घेत होते. तुला उठायचं होतं, अक्का. तू उठत होतीस.

ते फडकं पदरात घेऊन मी चिंचेखाली रडले. बाळाला घेऊन वहिनी आली, तिची आई आली. वहिनीच्या आईनं बाळाचं दुपटं आणि ते फडकं, दोन्हीकडे बघितलं आणि माझ्या शेजारी खाली मातीत बसली.

फडकं मी सोडून ठेवलंय. उद्या मुली दुपारी येतील, पहाटे बोर्डिंग रिकामंच असेल. तरी पाचला टोले देणार आहे. रिकाम्या बोर्डिंगात, उघड्या गजानं, हात दुखेपर्यंत. गल्ली उठली तर उठू दे. वहिनीला सांगितलंय तसं. ती म्हणाली, द्या ताई, बाळ उठलं तर मी घेते. आणि तिला हेही सांगितलंय, की पुढं कधी सुट्टीत घंटा वाजली नाही तर काही विचार करत बसू नकोस, सरळ आत ये. मी विश्रांती घेतेय म्हटलं, तरी ये.

तुला मात्र एक खरं सांगायचं राहिलं. तू मनगट धरून विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. नव्हतं ऐकू आलं, अक्का. नव्हतं ऐकू आलं, आणि तरी मी आले नाही.